उरलेल्यातलं निम्मं

पंपघराच्या दाराशी अकरा रिकामे डबे होते. भाचीने ते आधी डावीकडून मोजले, मग उजवीकडून, आणि दोन्हीकडून अकराच भरले. त्यांच्या पलीकडे बारावा डबा होता, भरलेला, झाकण अर्धं फिरवलेला. दोरीवर मामाची गडद निळी विजार वाळत होती. गुडघ्यापर्यंत निळी आणि खाली पांढुरकी. तलावाच्या कठड्यावर तपासणीच्या सात काचेच्या कुप्या ओळीने उभ्या होत्या आणि सातहीमधलं पाणी बिनरंगाचं होतं.

सकाळचे आठ वाजले होते.

"मामा, आठवड्याचा माल एकदम बाहेर काढलास?"

"आठवड्याचा कुठला, कालचा," मामा बाराव्या डब्याकडे वळत म्हणाला. "आणि तरी रंग येत नाही. पावडर मेलेली दिसतेय. हा एक ओततो, मग बघू."

"हात लावू नकोस."

मामाने हात मागे घेतला. रसायनशास्त्राची पदवी हातात पडून भाचीला तीन आठवडे झाले होते, पण इतक्या ठाम आवाजात ती घरात कोणाशी कधी बोलली नव्हती.

मामा हा पोहण्याचा तलाव सत्तावीस वर्षं सांभाळत होता. तलाव उघड्यावरचा, पंचवीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. अलीकडे त्याच्या भिंती झिरपू लागल्या होत्या. म्हणून आज संध्याकाळी सहा वाजता सगळं पाणी सोडून द्यायचं आणि उद्यापासून चौदा महिने डागडुजी, असं ठरलेलं. पाणी सोडण्याआधी, चार ते सहा या वेळात, निरोपाचा कार्यक्रम होता. सकाळच्या वर्गातल्या सात बायका एकेक करून तलावाची पूर्ण लांबी पोहून दाखवणार होत्या. सातवी होती मामी.

सत्तावीस वर्षं मामी नवऱ्याचा डबा घेऊन या कठड्यापर्यंत यायची आणि घोट्याच्या वर पाणी कधी लावून घ्यायची नाही. आठ महिन्यांपूर्वी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, काय डोक्यात आलं कोण जाणे, तिने वर्गात नाव घातलं. तरंगणं आलं, श्वास आला, हातपाय आले. पण बावीस मीटरवर पोचली की तिचा हात आपोआप कडेचा कठडा धरायचा. आठ महिन्यांत एकदाही तो न धरता ती पलीकडे गेली नव्हती. "चौदा महिन्यांनी मी साठीची झालेली असेन आणि सगळं विसरलेलीही," ती भाचीला फोनवर म्हणाली होती. "आज जमलं तर जमलं. तू ये बघायला."

म्हणून भाची आली होती. आणि म्हणूनच काल मामाने पाणी चकचकीत करायचा चंग बांधला होता.

"सगळं नीट सांग. पहिल्यापासून," ती म्हणाली.

"काल संध्याकाळी तलाव बंद झाल्यावर पाच डबे घातले. रोज एक घालतो, म्हटलं आज आपल्या घरचं माणूस उतरणार, जरा हात सैल सोडू. मग कुपीत पाणी घेतलं, गोळी टाकली. गुलाबी व्हायला हवं ना? काहीच नाही. म्हणून आणखी तीन घातले. तरी काही नाही. आणखी तीन."

"आणि विजार?"

"ती धुतल्यावर अशीच निघाली. साबण भारी असेल."

भाचीने कपाळाला हात लावला, पण तिला हसूही येत होतं. "मामा, क्लोरीनने गोळीला गुलाबी रंग येतो, हे खरं. पण क्लोरीन फार झालं की ते तो रंगच खाऊन टाकतं. तुझ्या विजारीचा खाल्ला तसा. तुला वाटलं पाण्यात काहीच नाही, आणि होतं प्रमाणाबाहेर."

मामा सात कुप्यांकडे बघत राहिला. "म्हणजे मी जितकं घालत गेलो..."

"तितका रंग आणखी पळत गेला."

"सत्तावीस वर्षं," मामा म्हणाला, "सत्तावीस वर्षं मी रंग बघतोय."

"कारण सत्तावीस वर्षं तू एकच डबा घालत होतास."

तिने वही काढली. तलावाची सरासरी खोली एक मीटर वीस, म्हणजे पाणी तीन लाख लिटर. डबा एक किलोचा, त्यातलं कामाचं क्लोरीन साडेसहाशे ग्रॅम. अकरा डब्यांचं सात किलो एकशे पन्नास ग्रॅम. भागाकार आला लिटरमागे चोवीस मिलिग्रॅम, अगदी थोडं कमी. मग पंपघरातल्या बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी नऊ भाग घेतलं, त्यात तलावाचं एक भाग मिसळलं आणि गोळी टाकली. कुपी छान गुलाबी झाली. आकडा दाखवणाऱ्या छोट्या यंत्रात ती ठेवल्यावर दोन पूर्णांक चार असं उमटलं. दहापट केल्यावर चोवीस.

गणित आणि यंत्र एकमेकांना इतकं नेमकं भेटलेलं पाहून भाचीला आनंद लपवता येईना. मामाचा चेहरा बघून तिने तो आवरला.

पंपघराच्या दारावर पाटी होती, व्यवस्थापक साहेबांनी स्वतः रंगवून घेतलेली: क्लोरीन तीनपेक्षा जास्त असल्यास कोणीही पाण्यात उतरू नये. साहेब चार वाजता येणार होते, आणि साहेबांनी आजवर कोणाला पाटीच्या बाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं, स्वतःच्या मुलालासुद्धा नाही.

"थोडं पाणी सोडून नवं भरू," मामा म्हणाला.

"किती वेळ लागेल?"

"एकच नळ आहे. दोन दिवस."

"क्लोरीन मारायची पावडर असते ना?"

"पुरवठादाराकडे. आज त्याची सुट्टी."

तरी फोन करून बघायचं ठरलं. पुरवठादाराचा क्रमांक, त्याच्या भावाचा क्रमांक, त्याच्या गोदामाचा क्रमांक. भाची जिना उतरून खाली पंपघरात बसून फोन लावत होती आणि ते नुसते वाजत होते. दहाला तिने फोन ठेवला आणि पंपाच्या नळातून पुन्हा पाणी घेऊन तपासलं. तेवीस.

जवळजवळ दोन तासांत फक्त एक गेलं होतं. तिने वहीत आकडेमोड केली. या गतीने निम्मं व्हायला बत्तीस तास. चोवीसचे बारा, बाराचे सहा, सहाचे तीन: चार दिवस. हे पटणारं नव्हतं. उघड्या तलावातलं क्लोरीन ऊन खातं, हे तिने वाचलं होतं, आणि बाहेर ऊन तर डोळे दिपवणारं होतं.

ती जिना चढून वर आली. तलाव दिसत नव्हता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाड निळं कापड अंथरलेलं होतं, रात्री पालापाचोळा पडू नये म्हणून पसरतात ते. मामा त्याची शेवटची सुरकुती पायाने सरळ करत होता.

"हे केव्हा घातलंस?"

"तू खाली गेलीस तेव्हाच. ही यायची वेळ झाली. बघितलं असतं म्हणजे लगेच ओळखलं असतं तिने, पाणी दुधाळ दिसतंय ते."

"मामा, क्लोरीन उन्हानेच जाणार आहे. आणि तू त्याला पांघरूण घालून निजवलंयस."

"कोणाला निजवलंय?" मागून आवाज आला. मामी फाटकातून आत आली होती, खांद्यावर पिशवी, पिशवीतून पोहण्याची टोपी डोकावत होती. तिने अकरा डबे पाहिले, विजार पाहिली, नवरा पाहिला. "अहो, काय करून ठेवलंत?"

मामाने सांगून टाकलं. लपवालपवी त्याला एरवीही जमत नसे. मामीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लग्नाच्या वाढदिवसाला एक फूल आणायचं तर तुम्हाला आठवण करावी लागते. आणि इथे अकरा डबे."

"तुझ्यासाठीच केलं गं."

"तेच म्हणतेय मी. मला धुऊन पांढरी करायची होती का?"

तिघांनी मिळून कापड गुंडाळलं. सव्वादहाला तलाव उघडा झाला, पंप जोरात सुरू केला म्हणजे तळाचं पाणी वर येत राहील, आणि भाची छत्रीखाली वही उघडून बसली. सव्वाअकराला सोळा. सव्वाबाराला बारा.

मामा तिच्या खांद्यावरून डोकावत होता. "दोन तासांत निम्मं उतरलं. म्हणजे आणखी दोन तासांत उरलेलं निम्मंही उतरणार. सव्वादोनला शून्य." त्याचा जीव भांड्यात पडला. "साहेब यायच्या आधी जेवूनसुद्धा होईल."

"नाही मामा. सव्वादोनला सहा."

"का? पहिल्या दोन तासांत अकरा गेले, पुढच्या दोन तासांत सहाच? ऊन दमलं?"

"ऊन तेवढंच आहे. जायला शिल्लक कमी आहेत."

मामाला ते पटलं नाही, आणि मामीलाही नाही, असं तिच्या भुवयांवरून दिसत होतं. भाचीने इकडेतिकडे पाहिलं. कपडे ठेवायच्या कपाटांचे पितळी बिल्ले एका ट्रेमध्ये पडले होते, चौसष्ट. एका बाजूला क्रमांक, दुसरी बाजू कोरी. तिने ट्रे मामाच्या हातात दिला.

"सगळे फरशीवर उधळ. क्रमांक वर आलेले उचलून बाजूला ठेव. ते गेले."

मामाने उधळले. खणखणाट झाला. दोघा नवराबायकोंनी वाकून वाकून क्रमांकवाले उचलले. उरलेले मोजले तर एकतीस.

"आता उरलेले पुन्हा उधळ."

उरले सतरा. पुन्हा उधळले, आठ. पुन्हा, तीन. मामी आता फरशीवर बसकण मारून बसली होती आणि मामाने चोरून एक बिल्ला पायाने उलटवला तेव्हा तिने त्याच्या पावलावर चापट मारली. एव्हाना वर्गातल्या इतर सहा बायकाही येऊन पोचल्या होत्या आणि कोण बाद झालं, कोण उरलं यावर त्यांची चर्चा चालली होती.

"दर फेरीला किती गेले?" भाचीने विचारलं.

"आधी तेहतीस," मामी म्हणाली. "मग चौदा, नऊ, पाच. कमी कमी होत गेले."

"बिल्ले दमले का?"

मामी बिल्ल्यांकडे बघत राहिली. "नाही. प्रत्येकाला संधी तेवढीच होती. जो शेवटपर्यंत उरला त्यालासुद्धा. उधळताना त्याला काय माहीत, आधी किती गेले ते."

"हेच. क्लोरीनच्या कणाला शेजारी किती आहेत याची खबर नसते. ऊन लागलं तर तो गेला, नाही लागलं तर राहिला. म्हणून दर दोन तासांनी निम्मे जातात, सगळ्यांतले निम्मे नव्हे, उरलेल्यातले निम्मे. चोवीस असोत नाहीतर चार, निम्मं व्हायला वेळ तोच लागतो."

मामा हातातले तीन बिल्ले खुळखुळवत विचारात पडला. मग त्याने एक प्रश्न विचारला, आणि भाचीला वाटलं की तीन वर्षं कॉलेजात हा प्रश्न इतका नीट कोणी विचारला नव्हता.

"समज, मी अकराऐवजी बावीस डबे घातले असते. मग दुप्पट वेळ लागला असता?"

"किती लागला असता, तूच सांग."

मामाने बोटं दुमडली. "बावीसचे अकरा व्हायला दोन तास. मग तिथून पुढे आजच्यासारखंच." त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे दोनच तास जास्त. दुप्पट चूक, आणि शिक्षा दोन तासांची?"

"बघा, आता ह्यांना बावीस घालायची हिंमत येणार," मामी म्हणाली.

"मामी, तुझ्या भीतीचंही तसंच असेल," भाची हुरूप येऊन म्हणाली, "दर वेळी थोडी..."

"माझ्या भीतीला गणित लावू नकोस. ती रोज सकाळी अकरा डबे नवे घालते."

सव्वाएकला आठ, सव्वादोनला पाच पूर्णांक आठ. भाचीने आलेखाच्या कागदावर प्रत्येक निम्म्याला सारखं अंतर देऊन ठिपके मांडले होते, आणि ते एका सरळ रेषेत उतरत होते, जणू कोणी पट्टीने आखले असावेत. रेषा पुढे वाढवली तर चार वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला ती तीनला टेकत होती. तिने तो कागद सगळ्यांना दाखवला. बायकांनी टोप्या घातल्या.

सव्वातीनला चार यायला हवे होते. आले चार पूर्णांक सहा.

तिने पुन्हा पाणी घेतलं. पुन्हा चार पूर्णांक सहा. ठिपका रेषेच्या वर लटकला होता. कलत्या उन्हाने वेग थोडा मंदावणार हे तिने धरलं होतं, पण एवढा नाही. हीच गती राहिली तर तीन होणार पाचनंतर, आणि गती आणखी घटत गेली तर सहानंतर. सहाला पाणी सोडणारे कामगार येणार होते आणि ते कोणासाठी थांबणारे नव्हते.

मामी कठड्यावर पाय सोडून बसली होती, टोपी घालून. "नाही होणार का?" तिने हळूच विचारलं.

"थांब जरा." भाची तलावाभोवती चालू लागली. दुपारी बाराला पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चमकत होतं. आता पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा काळपट होता. तिने मान वर केली. प्रेक्षकांच्या बाकांवर ताणलेलं कापडी छत सूर्याच्या आड आलं होतं, आणि त्याची सावली पाण्यावर पडली होती. आणि दर मिनिटाला पुढे सरकत होती.

"मामा, ते छत उतरवता येईल?"

"ते? सत्तावीस वर्षांत कधी उतरवलं नाही. बोल्ट गंजलेत."

"पाना आहे?"

मामा शिडी आणि मोठा पाना घेऊन आला. पहिला बोल्ट काढताना त्याच्या नाकी नऊ आले. दुसऱ्या बोल्टच्या वेळी पोहणं शिकवणाऱ्या बाईंनी, ज्यांना सगळा वर्ग शिट्टीबाई म्हणायचा, शिडी धरली आणि प्रत्येक झटक्याला शिट्टी वाजवून ताल दिला. तिसरा आपणहून सुटला. चौथ्याला कापड स्वतःच्याच वजनाने घसरलं आणि खाली उभ्या असलेल्या चार बायकांच्या डोक्यावर अलगद पडलं. आतून हसण्याचा गोंधळ ऐकू आला. पावणेचारला पाण्यावर पुन्हा सगळीकडे ऊन होतं.

व्यवस्थापक साहेब चारला आले तेव्हा त्यांना बाकांवर डोक्याला टॉवेल गुंडाळून बसलेली तीस माणसं दिसली, घडी घातलेलं छत दिसलं आणि दाराशी अकरा डबे. "हे काय चाललंय?"

"उन्हात ठेवलंय, साहेब," मामा म्हणाला. "पाणी."

भाचीने त्यांना आलेख दाखवला. साहेब चष्मा लावून बराच वेळ कागद न्याहाळत होते. "चांगला आहे," ते शेवटी म्हणाले, "पण पाटीवर तीन लिहिलंय."

"तीनच होतील."

"झाले की सांगा. मी इथेच आहे." आणि त्यांनीही खिशातला रुमाल काढून डोक्यावर घातला.

सव्वाचारला तीन पूर्णांक सहा. पावणेपाचला तीन पूर्णांक दोन. आता प्रत्येक तपासणीच्या वेळी यंत्राभोवती कोंडाळं जमायचं. भाचीने कुपी पुसून पुसून ठेवली, एका बोटाचा ठसाही नको म्हणून. पाच वाजता तीन पूर्णांक शून्य.

"तीन म्हणजे तीनपेक्षा जास्त नाही," मामा म्हणाला.

साहेबांनी यंत्राकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. "तीनपेक्षा जास्त नाही," त्यांनी मान्य केलं. "तरी आणखी दहा मिनिटं थांबू. कागद तसंच म्हणतोय ना, उतरतंय म्हणून?"

दहा मिनिटांनी दोन पूर्णांक नऊ. शिट्टी वाजली.

पहिल्या सहा जणी एका वेळी दोघी अशा उतरल्या, वेळ थोडा होता म्हणून. एक मध्येच उताणी होऊन तरंगत पोचली, एकीने शेवटच्या दोन हातांत टोपी गमावली, सगळ्या पोचल्या. पाच वाजून पस्तीस मिनिटांनी मामी एकटी पाण्यात उतरली. साहेबांनी स्वतः घड्याळ हातात घेतलं. मामा कठड्यावरून तिच्या बरोबरीने चालू लागला, पण तिने पहिल्याच श्वासाला डोकं वर काढून म्हटलं, "अहो, लांब व्हा, तुम्ही दिसलात की मला कठडा आठवतो." मामा जागच्या जागी थांबला आणि तोंड फिरवून पंपघराकडे बघत उभा राहिला.

दहा मीटर. पंधरा. तिचे हात सावकाश पडत होते, एक, मग जरा थांबून दुसरा. वीस. बाकांवर कोणी हलत नव्हतं. बावीसच्या खुणेपाशी तिचा डावा हात पाण्यातून वर आला आणि कठड्याच्या दिशेला थोडा वळला. मामा पाठमोरा होता, त्याने भाचीला विचारलं, "कुठे आहे?"

"बावीसला."

हात कठड्याच्या वर क्षणभर थांबला. मग पुढे पडला, पाण्यात.

"आता?"

"गेली पुढे."

मामा वळला तेव्हा मामीचं बोट पलीकडच्या भिंतीला लागलं होतं. साहेबांनी घड्याळ थांबवलं आणि आकडा भाचीला वाचून दाखवला. तिने वहीत, क्लोरीनच्या शेवटच्या नोंदीखाली, तो लिहून ठेवला.

पाच वाजून अडतीस मिनिटं. पंचवीस मीटर. दोन मिनिटं चौदा सेकंद.